इंग्लंडमधल्या चेस्टरफिल्डच्या चर्चचा लाकडी कळस पिळवटलेला का आहे? आत बघण्यासारखं काय आहे?

पहिल्या प्रश्नाला सगळीकडे एकच ठरलेलं उत्तर मिळतं: ‘ओलं लाकूड.’ ते ऐकलं की माझं डोकं फिरतं.

माझे आबा कोकणात सुतार. एका घराच्या छपराला त्यांनी तिरपे टेके सांगितले होते. मालक म्हणाला, “कशाला फुकट लाकूड घालवता?” टेके गाळले. आठ-दहा वर्षांत आढं मधेच बसलं आणि गावभर बोभाटा झाला की सुताराने ओला ऐन घातला. आबा भांडले नाहीत. त्या वाटेने जायचं मात्र त्यांनी सोडलं.

आता मी शेफिल्डला राहतो, चेस्टरफिल्ड आगगाडीने अगदी जवळ. मनोऱ्यावर नेणारा गाइडही ‘ग्रीन टिंबर’पासूनच, म्हणजे त्याच ओल्या लाकडापासून, सुरू झाला. मी तिथेच अडवलं. अहो, कळस बांधला त्या काळी इंग्लंडात ओक ओलाच वापरायचे! वाळलेला ओक हत्याराला दाद देत नाही. मग बाकीची छपरं सरळ कशी राहिली? तो हसला नि म्हणाला, आतले तिरपे आधारही कमी पडले. हेच मला ऐकायचं होतं!

1362च्या सुमाराचा हा कळस. जमिनीपासून 228 फूट उंच, 45 अंश पिळलेला, साडेनऊ फूट कललेला. लाकडी सांगाड्यावर सुमारे 33 टन शिशाचे पत्रे. उन्हाच्या बाजूचं शिसं जास्त तापून फुगतं, सांगाडा ओढला जातो. 1349च्या प्लेगमध्ये जाणते सुतार गेले आणि उरलेल्यांनी आधार गाळले, असाही तर्क आहे, मला पटतो. जवळच्या बोल्सोव्हर गावच्या लोहाराने नाल मारताना सैतानाच्या पायातच खिळा ठोकला आणि त्याने कळवळून कळसाला लाथ मारली, ही कथा गावाला जास्त आवडते.

आत फॉलजँब या इथल्या जुन्या सरदार घराण्याची थडगी बघा. जुना ऑर्गन 1961च्या आगीत गेला.

तर घर बांधताना सुताराने तिरपा टेका सांगितला की मुकाट्याने पैसे मोजा. हां, ओलं लाकूड अगदीच निर्दोष नाही, वाळताना ते पीळ खातंच. पण आधार असेल तर आवरतं.

त्या मालकाच्या मुलाला मी कळसाचा फोटो आणि हे सगळं लिहून पाठवलं. त्याचं उत्तर आलं: “म्हणजे तिथेही ओलंच होतं ना?”