बाटल्या मोजणाऱ्याचं काम

चि. खेळाडूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. अकरात नाव लागलं नाही आणि वर टीमचं मॅनेजरपद गळ्यात पडलं, म्हणून तू फुरंगटला आहेस. ते मी समजू शकतो. पण 'पाण्याच्या बाटल्या मोजायचं काम' असं जे लिहिलं आहेस, ते काही मला पटलं नाही. त्या कामावर एक अख्खा हंगाम उभा राहिला होता, त्याची हकीकत ऐक.

अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात, डोंगरपठारावर, सुवानी नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या युनिव्हर्सिटी ऑफ द साउथला लोक गावाच्याच नावाने ओळखतात. १८९९ साली त्यांच्या फुटबॉल टीमने बारा सामने खेळले आणि बाराही जिंकून दक्षिणेकडच्या कॉलेजांचं अजिंक्यपद घेतलं. केलेले गुण ३२२, दिलेले १०. (हे फुटबॉल म्हणजे लांबट चेंडू बगलेत मारून धावायचं आणि समोरच्याने अंगावर येऊन पाडायचं. आपल्या फुटबॉलशी नातं नावापुरतंच.)

कोच होता बिली सूटर, कॅप्टन हेन्री सायबल्स. मॅनेजर होता ल्यूक ली, वीस वर्षांचा विद्यार्थी. सुवानीचा खरा वैरी म्हणजे नॅशव्हिलचं व्हँडरबिल्ट. त्या वर्षी तिकिटांच्या पैशांवरून दोघांचं फिसकटलं आणि सामनाच झाला नाही. हमखास गर्दीचा सामना गेला, म्हणजे गल्ला गेला. म्हणून अपराजित हंगामाचं कौतुक करताना हेही ध्यानात ठेव की सगळ्यात तगड्या शेजाऱ्याशी त्या वर्षी गाठ पडलीच नव्हती. निकालाच्या तक्त्यात असलं काही दिसत नाही.

लीने ती भरपाई कशी केली? सहा दिवसांत पाच सामने लावून टाकले. ९ नोव्हेंबरला ऑस्टिनमध्ये टेक्सासविरुद्ध १२-०. दहाला ह्यूस्टनमध्ये टेक्सास ए अँड एमविरुद्ध १०-०. अकराला न्यू ऑर्लिन्समध्ये ट्युलेनविरुद्ध २३-०. बारा तारखेला रविवार, म्हणून विश्रांती. तेराला बॅटन रूजमध्ये लुइझियाना स्टेटविरुद्ध ३४-० आणि चौदाला मेंफिसमध्ये मिसिसिपीविरुद्ध १२-०. पाच सामन्यांत प्रतिस्पर्ध्यांना मिळून एकही गुण नाही. सगळा प्रवास सुमारे २,५०० मैलांचा, आगगाडीने.

आता हे मॅनेजरच्या नजरेने बघ. दिवसा खेळायचं आणि रात्री गाडीत झोपायचं, तर मुलांना पाठ टेकायला जागा हवी. म्हणून लीने झोपायच्या सोयीचा पुलमन डबा घेतला. परगावचं पाणी बाधलं तर पुढचे सामने संपले, म्हणून गावच्या झऱ्याचं पाणी पिंपांत भरून सोबत नेलं. आणि एवढं सगळं करून, सांगतात की, खेळायचे बूट मागेच राहिले! गाडी सुटल्यावर लक्षात आलं. लीने गाजावाजा न करता तार ठोकली आणि बूट मागच्या गाडीने वेळेत येऊन पोचले. मुलांमध्ये घबराट पसरू न देता गडबड निस्तरणं, हा मॅनेजरचा पहिला गुण. तुझ्याकडून किट विसरलं तर तूही आधी फोन कर, मग हवं तर आरडाओरडा कर.

एक गोष्ट मात्र त्यांच्याकडून घेऊ नकोस. तेव्हा मैदानाबाहेर गेलेल्याला सहसा परत येता येत नसे, त्यामुळे दुखलं तरी बाहेर बसायला कुणी तयार नसे. टेक्सासच्या सामन्यात सायबल्सचं डोकं फुटलं, तरी तो खेळत राहिला. लोक हे अभिमानाने सांगतात. मला काही ते आवडत नाही. पुढे १९०५पर्यंत त्या खेळात पोरं मरायला लागली, तेव्हा खुद्द अध्यक्ष रूझवेल्टना लक्ष घालावं लागलं आणि १९०६पासून नियम बदलले. तुझ्या टीममधल्या कुणाच्या डोक्याला मार बसला, तर तो 'सर, मी ठीक आहे' म्हणेलच. त्याचं ऐकायचं नाही. कोचशी भांडण झालं तरी चालेल, पण त्याला बाहेर काढायचं आणि डॉक्टरकडे न्यायचं.

हंगामभरात सुवानीने दिलेले ते दहा गुण एकट्या ऑबर्न कॉलेजने केले. ३० नोव्हेंबरला, माँटगमरीत. ऑबर्नचा कोच होता जॉन हाइझमन, ज्याच्या नावाने आज कॉलेज फुटबॉलचा सर्वांत मोठा पुरस्कार दिला जातो. सुवानी ११-१० अशी जेमतेम वाचली. दोनच दिवसांनी अटलांटात नॉर्थ कॅरोलिनाला ५-० हरवून हंगाम संपला.

लीचं पुढे काय झालं, तेही सांगतो. तो सिनेटर झाला. जानेवारी १९१९मध्ये काही साथीदारांना घेऊन जर्मनीच्या पदच्युत कैसरला, म्हणजे सम्राटाला, पकडून आणायला थेट हॉलंडमध्ये घुसला आणि हात हलवत परत आला. नंतर बँकेच्या एका प्रकरणात तुरुंगातही गेला. तेव्हा धडाडी त्याच्याकडून शीक, पण हिशेब स्वतःचा ठेव. चहाची पावतीसुद्धा फाइलला लाव, आणि टीमचे पैसे आपल्या खात्यात एक दिवसही ठेवू नकोस.

सुवानीचंही तसंच, चढानंतर उतार. १९३०च्या दशकात ते मोठ्या कॉलेजांच्या साउथईस्टर्न कॉन्फरन्स या स्पर्धा-गटाचे संस्थापक सदस्य झाले आणि तिथले सदतीसच्या सदतीस सामने हरून १९४०मध्ये बाहेर पडले.

तू लिहिलेल्या कार्यक्रमात सेमीफायनल सकाळी आठला आहे आणि तुमची गाडी पहाटे चारला पोचते. हे काही खरं नाही. आदल्या दिवशीची गाडी बघ, मुक्कामाची सोय होते का ते आयोजकांना आजच विचार, आणि मला कळव.

तुझा,
काका