डच भाषेत ‘छोटा’ हा अर्थ दाखवायला प्रत्यय कसा लावतात?

नामाच्या शेवटी ‘-ये’ लावतात. शब्दाचा शेवट कसा आहे त्यानुसार त्याची ‘-त्ये’, ‘-एत्ये’, ‘-प्ये’ आणि ‘-क्ये’ अशी रूपं होतात (उच्चार देवनागरीत साधारणच उतरतात):

- हाउस (घर) – हाउश्ये
- स्तुल (खुर्ची) – स्तुल्त्ये
- बोम (झाड) – बोम्प्ये
- कोनिंग (राजा) – कोनिंक्ये
- मान (पुरुष) – मानेत्ये. आखूड स्वर आणि त्याच्यानंतर न, म, ल, र असला की बहुधा हे ‘-एत्ये’ येतं.

लिंगाचा नियम मात्र एकदम सरळ आहे: असं रूप नेहमी नपुंसकलिंगी, म्हणजे नामाआधीचं ‘दे’ हे उपपद (इंग्रजी ‘द’सारखं) जाऊन नपुंसकलिंगी ‘हेत’ येतं, अनेकवचनाला फक्त ‘स’. आपल्याकडे डब्याची डबी होते, लोट्याची लोटी. तिकडे सगळंच ‘ते’. ‘मेइश्ये’ म्हणजे मुलगी, तीसुद्धा व्याकरणात नपुंसकलिंगी, कारण तो शब्दच मुळात हा ‘छोटा’ अर्थाचा प्रत्यय लागून झालेला आहे. (आपलं ‘पोर’ आठवा.)

पण प्रत्यय दिसला की वस्तू लहानच, असं समजू नका. ‘बीर’ म्हणजे बिअर हा पदार्थ, ‘बीर्त्ये’ म्हणजे एक ग्लास बिअर, मग तो कितीही मोठा असो. कधी त्यात लाड असतो, कधी तुच्छता; ‘व्राउत्ये’ (बाई) हे रूप अनोळखी बाईला वापरलंत तर तिला राग येऊ शकतो. आणि बेल्जियममध्ये बोलताना बरेचदा ‘-के’ ऐकू येईल, पण प्रमाण लेखनात ‘-ये’च चालतं.