कोकराच्या शेपटीवरचे रबरी कडे

प्रश्न : माझा भाचा ऑस्ट्रेलियात मेरिनो मेंढ्यांच्या फार्मवर कामाला आहे. तेथे कोकरांच्या शेपटीवर रबरी कडे चढवतात आणि काही दिवसांनी शेपटी गळून पडते, असे तो सांगतो. हाड न कापता हे कसे होते? जखम चिघळत नाही का? आपल्या दख्खनी मेंढ्यांनाही हे करावे का?
— एक वाचक, फलटण

उत्तर : कडे मणक्यावर नव्हे, तर दोन मणक्यांमधल्या सांध्यावर बसवतात, त्यामुळे हाड कापावे लागत नाही. कडे घट्ट आवळल्याने पुढच्या भागाचा रक्तपुरवठा थांबतो. तो भाग आधी गार पडतो, मग वाळून आक्रसतो, आणि कड्याखालची कातडी व कूर्चा हळूहळू तुटत जाऊन साधारण दोन ते चार आठवड्यांत शेपटी गळते. उरलेली लहानशी जखम कडेने नवी कातडी धरत भरून येते. हे सारे विनावेदना होते असे मात्र कोणी समजू नये. पहिला तासभर कोकरू पाय आपटते, बसते-उठते, वळून वळून मागे पाहते. ब्रिटनमध्ये तर भूल न देता कडे चढवण्याची मुभा जन्मानंतरच्या पहिल्या 7 दिवसांपुरतीच आहे.

जखम चिघळू शकते, आणि खरी भीती धनुर्वाताची असते, कारण मेलेल्या मांसात ऑक्सिजन पोचत नाही व त्या जंतूंना तेच मानवते. म्हणून मेंढी विण्याआधी तिला लस टोचतात. चिकातून ते संरक्षण कोकराला मिळते.

पद्धतीइतकीच महत्त्वाची असते ती उरलेल्या शेपटीची लांबी. ऑस्ट्रेलियात बोटांना लागणारे तीन सांधे राखून त्याखालीच शेपटी तोडावी, असा सल्ला देतात. मादीचा योनिमार्ग तेवढ्याने झाकला जातो. त्याहून आखूड केल्यास शेपटी हलवणारे स्नायू दुखावतात, आतडे गुदद्वारातून बाहेर येण्याचा धोका वाढतो आणि उघड्या कातडीला उन्हाने कर्करोगही होऊ शकतो. गंमत अशी की, लेंडी-मुताने माखलेल्या लोकरीत अंडी घालणाऱ्या ज्या माशीच्या अळ्यांपासून कोकराला वाचवण्यासाठी हा खटाटोप, तिचा उपद्रवही अतिआखूड शेपटीत वाढतो.

दख्खनी मेंढीची शेपटी मुळातच आखूड व बारीक असते. मेरिनोसारखी लेंडी-मुताने माखणारी लांब, लोकरदार शेपटी तिला नाही. तिच्या कोकरांना कडे चढवू नये. हगवणीने मागची लोकर माखत असेल, तर ती कातरून घ्यावी आणि हगवणीवर पशुवैद्यकाकडून उपचार करावेत.