घाई कुणाची आणि कशाची? स्पॅनिश क्रियापदं इंग्रजीत आणताना

सीमाभागात स्पॅनिश शिकणारी मुलं आणि स्पॅनिश पत्रव्यवहार सांभाळणारी कार्यालयं आता बरीच झाली आहेत. या वेळी आलेल्या प्रश्नांतले चार एकाच गोष्टीभोवती फिरतात, ते म्हणजे घाई, वेग, लवकर उरकणं. म्हणून ते एकत्र घेतले आहेत. उच्चार लॅटिन अमेरिकेतले दिले आहेत.

प्रश्न : कास्टिंग निर्यात करणाऱ्या कार्यालयात मी काम करते. मेक्सिकोच्या ग्राहकाचं पत्र आलं, ‘लेस रोगामोस आहिलिसार एल एम्बार्के’. साहेबांसाठी इंग्रजी करताना मी ‘अजिलाइझ द शिपमेंट’ लिहिलं. सहकाऱ्याने ते ‘अॅक्सिलरेट’ केलं. बरोबर कोण? (उद्यमबाग, बेळगाव)

दोन्ही नकोत. ‘अजिलाइझ’ हा शब्द इंग्रजीत चालत नाही. ‘अॅक्सिलरेट’ गाडीला, भौतिकशास्त्राला आणि आर्थिक वाढीच्या बातमीला शोभतो. मालाच्या पेटीला तो लावला की वाक्य पुस्तकी होतं.

‘आहिलिसार’ हे ‘आहिल’पासून आलं, म्हणजे चपळ. त्यात नुसता वेग नाही. अडलेलं काम मोकळं करणं हा त्याचा गाभा आहे, म्हणून ते कागदपत्रं, परवाने, मंजुऱ्या यांच्यासोबत सतत भेटतं. आपण ‘उताऱ्याची फाईल जरा हलवा’ म्हणतो, ‘फाईलचा वेग वाढवा’ असं कुणी म्हणत नाही. इंग्रजीतही तसंच. ‘आहिलिसार लोस त्रामितेस’ म्हणजे साधं ‘स्पीड अप द पेपरवर्क’. सरकार सगळी पद्धतच सुटसुटीत करत असेल तर ‘स्ट्रीमलाइन’.

आता तुमची पेटी. व्यापारात ‘एक्स्पेडाइट’ हा रुळलेला शब्द आहे आणि तो चुकीचा नाही, पण इथे सांभाळून वापरा. मालवाहतुकीत ‘एक्स्पेडायटेड शिपिंग’ म्हणजे जास्त पैसे मोजून घेतलेली जलद सेवा. ग्राहकाला माल फक्त लवकर रवाना व्हायला हवा असेल आणि तुम्ही हा शब्द लिहिलात, तर साहेब विमानाचं भाडं काढायला बसतील. भाषांतरामुळे खर्चाचा घोळ होता कामा नये. ‘प्लीज स्पीड अप द शिपमेंट’ लिहा. विमानाने पाठवायचं आहे का, हे वेगळ्या ओळीत विचारून घ्या. ‘रोगामोस’चं ‘वी बेग यू’ करू नका. तो स्पॅनिश पत्रांचा रिवाज आहे, त्याला ‘प्लीज’ पुरतं. आणि ‘एम्बार्के’त बोट दिसत असलं तरी मेक्सिकोत ट्रकने जाणारा मालही ‘एम्बार्के’च असतो.

प्रश्न : पुस्तकात ‘दाते प्रीसा’ आहे, पण मेक्सिकन मालिकांत सगळे ‘आपूराते’ म्हणतात. दोन्हींना ‘हरी अप’ चालेल का? (खानापूर)

अर्थ एकच, मुलूख वेगळा. ‘दाते प्रीसा’ सगळीकडे कळतं आणि स्पेनमध्ये तेच जास्त ऐकू येतं. ‘आपूराते’ हे लॅटिन अमेरिकेतलं रोजचं. तुम्हाला हे समजावून सांगायची गरज पडू नये. आपल्याकडचा कन्नड माणूस ‘लगूना बा’ म्हणतो आणि बेंगळुरूचा ‘बेग बा’, पण दोघेही बोलावतात लवकरच.

खरी अडचण ‘आपूराते’चं मूळ क्रियापद ‘आपुरार’ स्पेनमध्ये गेल्यावर सुरू होते. या क्रियापदाच्या पोटात ‘पुरो’ म्हणजे शुद्ध हा शब्द आहे. शुद्ध करत करत शेवटापर्यंत नेणं, संपवून टाकणं हा अर्थ तिथे अजून जिवंत आहे. स्पेनच्या कादंबरीत कुणी ‘आपुरो एल वासो’ केलं तर त्याने पेल्याला घाई केलेली नाही. त्याने पेला तळापर्यंत रिकामा केला, ‘ही ड्रेन्ड हिज ग्लास’. ‘एस्तोय आपुरादो’ हे पेरूतल्या लिमामधला माणूस म्हणाला तर तो गडबडीत आहे. माद्रिदमधला म्हणाला तर तो बहुधा पैशाच्या अडचणीत आहे किंवा संकोचला आहे. ‘नो ते आपूरेस’ तर बऱ्याच ठिकाणी ‘काळजी करू नको’ या अर्थाने येतं. तेव्हा लेखक कुठला हे आधी पाहा. स्पॅनिश अकादमीचा कोश जालावर फुकट आहे आणि कुठला अर्थ अमेरिकेतला हे त्यात नोंदवलेलं असतं. लॅटिन अमेरिकेतल्या शब्दांचा वेगळा मोठा कोशही 2010 मध्ये निघाला आहे.

आता ‘हरी अप’कडे येऊ. ते चूक नाही, पण त्यात खेकसल्याचा सूर येतो. आई मुलाला शाळेसाठी ‘आपूराते, मि-इहो’ म्हणते तेव्हा इंग्रजी आई ‘कम ऑन, वी विल बी लेट’ म्हणेल. स्पॅनिशमध्ये आदरार्थी ‘आपूरेसे’ आहे, आपल्याकडे ‘आटप’ आणि ‘आटपा की’ आहे, पण इंग्रजीच्या क्रियापदात ही सोय नाही. तो आदर वाक्यात दुसरीकडे ठेवावा लागतो. म्हाताऱ्या बाईंना उद्देशून असेल तर ‘वी शुड प्रॉबेबली गेट गोइंग, मॅम’. घाईत आपणही सामील झालो की आज्ञेची धार जाते.

प्रश्न : एका कथेत ‘बाहो लास एस्कालेरास कोरियेन्दो इ सालियो’ असं वाक्य आहे. मी ‘शी डिसेंडेड द स्टेअर्स रनिंग अँड एक्झिटेड’ केलं. व्याकरण बरोबर असूनही ते बेंगरूळ वाटतं. का? (निपाणी)

हा प्रश्न मला फार आवडला, कारण याचं उत्तर मराठी माणसाला आतून कळू शकतं. तुम्ही मराठीत काय म्हणाल? ‘ती धावत जिना उतरली आणि बाहेर पडली.’ मुख्य क्रियापद ‘उतरली’, धावणं बाजूला. स्पॅनिशही तसंच बांधते. दिशा क्रियापदात आणि वेग त्याला जोडलेला. इंग्रजी नेमकं उलट करते. वेग क्रियापदात जातो आणि दिशेला एक छोटा शब्द पुरतो, ‘शी रॅन डाउन द स्टेअर्स अँड आउट’. लिओनार्ड टॅल्मी या भाषाशास्त्रज्ञाने जगातल्या भाषांची या अंगाने विभागणी केली, आणि तिच्यात स्पॅनिश व इंग्रजी समोरासमोर उभ्या राहतात. मराठी वाक्य आणि स्पॅनिश वाक्य इतकं जुळतं की आपल्याला खटकतच नाही, आणि तीच घडी इंग्रजीत उतरते.

म्हणून ‘क्विकली’ लिहायला हात गेला की थांबा आणि तो वेग क्रियापदात घालता येतो का ते पाहा. ‘से आसेर्को आ तोदा प्रीसा’ला ‘शी अप्रोच्ड क्विकली’ नको, ‘शी हरीड ओव्हर’ घ्या. पण इंग्रजीत धावपळीची क्रियापदं ढिगाने आहेत आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. ‘बोल्ट’मध्ये भीती आहे, घोडा बुजून उधळावा तशी. ‘स्करी’ हे लहान, भरभर पावलांचं. उंच धिप्पाड पोलिसाला ते लावलं तर चित्र बिघडतं. ‘डॅश’ थोड्या अंतरासाठी. ‘रश’मध्ये काम अडल्याची निकड असते. तुमच्या कथेतली बाई का धावते आहे, यावर शब्द ठरेल, आणि ते तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. कारण माहीत नसेल तर ‘रॅन’ ठेवा.

याच कथेत पुढे ‘आप्रेतो एल पासो’ असेल तर शब्दशः जाऊन पाऊल ‘आवळू’ नका. आपण पाय उचलतो, इंग्रज ‘क्विकन्स हर पेस’ किंवा ‘वॉक्स फास्टर’. आणि ‘एचो आ कोरेर’ म्हणजे चालता चालता एकदम पळत सुटणं, ‘शी ब्रोक इन्टू अ रन’.

प्रश्न : ‘आदेलान्तार’ला ‘प्रीपोन’ लिहितो. शिवाय बातम्यांत ‘आप्रेसुरार्से’ आणि ‘प्रेसिपितार्से’ येतात, त्यांतला फरक कळत नाही. (चिकोडी)

‘प्रीपोन’ बेळगावच्या बैठकीत खुशाल वापरा. ग्राहक लंडनचा किंवा टेक्ससचा असेल तर तो गोंधळेल. ब्रिटिश वाचकाला ‘ब्रिंग फॉरवर्ड’ आणि अमेरिकनाला ‘मूव्ह अप’. ‘आदेलान्तार’चे आणखी पैलू आहेत. स्पेनच्या रस्त्यावर त्याचा अर्थ ओव्हरटेक करणं (मेक्सिकोत त्यासाठी ‘रेबासार’ म्हणतात), पैशांच्या बाबतीत आगाऊ देणं, आणि घड्याळाच्या बाबतीत पुढे जाणं. हे शेवटचं इंग्रजीत ‘गेन्स’ होतं.

‘आप्रेसुरार्से’ म्हणजे तत्परता, ‘प्रेसिपितार्से’ म्हणजे उतावळेपणा. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग बांधतो तो ‘प्रेसिपितार्से’ करतो. ‘नो नोस प्रेसिपितेमोस’ला ‘लेट्स नॉट रश इन्टू एनीथिंग’ छान बसतं. हवामानाच्या बातमीत मात्र ‘प्रेसिपितासियोनेस’ म्हणजे सरळ पाऊस किंवा बर्फ, तिथे घाईचा संबंध नाही.

बातम्यांत ‘एल मिनिस्त्रो से आप्रेसुरो आ देस्मेन्तिर’ हा साचा वारंवार येतो, मंत्र्याने लगेच इन्कार केला. त्याला ‘द मिनिस्टर हरीड टू डिनाय’ केलं तर मंत्री धापा टाकत आल्यासारखा वाटतो. इंग्रजी पत्रकार ‘द मिनिस्टर वॉज क्विक टू डिनाय’ लिहितात. पुढच्या वाक्यात पुन्हा ‘आप्रेसुरार’ दिसलं तर जोडीला ‘से’ आहे का ते पाहा. ‘से’ नसेल तर दुसऱ्या कुणाची किंवा कशाची तरी घाई केली जाते आहे, आणि तिथे ‘क्विक टू’ चालत नाही, ‘स्पीड अप’ किंवा ‘हेसन’ घ्यावं लागतं.