'प्रपोज्ड स्टँडर्ड' म्हणजे 'प्रस्तावित मानक' का?

विचारणा अशी: टीएलएस १.३ या इंटरनेट-सुरक्षेच्या नियमसंचावरच्या एका मराठी लेखात 'हे अजून प्रस्तावित मानक असून त्याला अंतिम मान्यता मिळायची आहे' असं वाक्य आलं आहे. इंग्रजीत त्या जागी 'प्रपोज्ड स्टँडर्ड' आहे. तर हे भाषांतर बरोबर आहे का? सोबत दोन उपप्रश्न आहेत. 'रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स'ला, म्हणजे इंटरनेटचे नियम ज्यांत छापतात त्या क्रमांकित 'आरएफसी' टिपणांना, मराठीत काय म्हणावं, आणि 'मानक' बरं की 'प्रमाण'?

शब्द बरोबर आहेत, अर्थ चुकला आहे. आपण 'प्रस्तावित' कुठे वापरतो ते पाहा: प्रस्तावित उड्डाणपूल, प्रस्तावित विमानतळ, प्रस्तावित करवाढ. यातलं काहीच अजून झालेलं नसतं, आणि उड्डाणपुलाच्या बाबतीत तर तो आपल्या हयातीत होईल याचीही शाश्वती नसते. इंटरनेटच्या जगातलं 'प्रपोज्ड स्टँडर्ड' मात्र चर्चा होऊन, तपासून, मंजूर होऊन प्रसिद्ध झालेलं असतं. ब्राउझर आणि संकेतस्थळ यांच्यातली बोलणी गुप्त ठेवणारं टीएलएस १.३ ऑगस्ट २०१८ मध्ये आरएफसी ८४४६ म्हणून बाहेर पडलं ते याच पायरीवर. इंटरनेटवरून फोन जोडणारे एसआयपीचे नियमही २००२ साली याच पायरीवर प्रसिद्ध झाले. ते वापरून किती कॉल झाले असतील याची मोजदाद कोण करणार!

मग असं फसवं नाव का पडलं? ही मानकं ठरवते ती इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्स, म्हणजे आयईटीएफ. तिच्या १९९६ च्या नियमावलीत, आरएफसी २०२६ मध्ये, तीन पायऱ्या होत्या: प्रपोज्ड स्टँडर्ड, ड्राफ्ट स्टँडर्ड आणि शेवटी इंटरनेट स्टँडर्ड. पहिल्या पायरीवरचा नियमसंच अपरिपक्व समजावा, असं तिथे स्वच्छ लिहिलं होतं. म्हणजे त्या काळी 'प्रस्तावित' म्हटलं असतं तर फारसं बिघडलं नसतं. पण झालं असं की पहिल्या पायरीवर पाय टाकतानाच कसून तपासणी होऊ लागली, लोकांनी तेवढ्यावर विसंबून सॉफ्टवेअर लिहिली, आणि वरच्या पायऱ्या चढण्याची कुणाला निकड राहिली नाही. २०११ मध्ये मधली पायरी काढून टाकली. २०१४ च्या आरएफसी ७१२७ ने तर मान्यच केलं की 'अपरिपक्व' हे जुनं वर्णन आता खरं राहिलेलं नाही, ही मानकं चांगली पिकलेली असतात. नाव मात्र बदललं नाही. इंटरनेटवरच्या यंत्रांना पत्ते देणाऱ्या नियमांच्या नव्या आवृत्तीचं, आयपीव्ही६ चंच पाहा. १९९५ च्या डिसेंबरात पहिली पायरी, १९९८ च्या डिसेंबरात दुसरी, आणि पूर्ण 'इंटरनेट स्टँडर्ड' व्हायला २०१७ चा जुलै उजाडला. तोवर ते जगभर वापरात होतंच.

म्हणून माझं मत: 'प्रस्तावित' टाळा. 'पहिल्या पायरीचं मानक' म्हणा. लांब वाटलं तर 'प्राथमिक मानक' चालेल, जरी त्यातही प्राथमिक शाळेचा थोडा वास येतो.

'प्रस्तावित' हा शब्द खरोखर शोभतो तो त्याच्याही आधीच्या टप्प्याला. इंटरनेट-ड्राफ्ट नावाचा मसुदा कुणीही लिहून पाठवू शकतं. पदवी, पद, कंपनी काहीच विचारत नाहीत. सहा महिन्यांत नवी आवृत्ती आली नाही तर मसुद्याची मुदत संपते. मसुद्याच्या नावात सुरुवातीला लेखकाचं आडनाव असतं. विषय हाताळणाऱ्या कार्यगटाला तो पसंत पडला की गट तो 'अडॉप्ट' करतो, आणि मग नावातलं लेखकाचं आडनाव जाऊन तिथे आयईटीएफ आणि गटाचं नाव लागतं. इथे 'स्वीकार' किंवा 'अंगीकार' यापेक्षा मला सरळ 'दत्तक घेणं' आवडतं, कारण दत्तकविधानात होतं तेच इथे होतं: घर बदलतं, नाव बदलतं, आणि जन्मदात्याचा एकट्याचा हक्क संपतो. पुढे काय बदलायचं ते गट ठरवणार, मूळ लेखक फक्त लेखणी धरणार.

ठरवायचं कसं, तर मत मोजून नाही. आयईटीएफला सभासदच नाहीत. जो येईल, लिहील, बोलेल तो सहभागी. मतदारयादीच नाही तिथे मतदान कसलं? १९९२ मध्ये इंटरनेटच्या जडणघडणीतले एक जुने संशोधक डेव्हिड क्लार्क यांनी केलेली घोषणा तिथे अजून मंत्रासारखी म्हटली जाते: राजे, राष्ट्राध्यक्ष आणि मतदान आम्हाला अमान्य, आमचा विश्वास 'रफ कन्सेन्सस' आणि चालत्या कोडवर. या 'रफ कन्सेन्सस'चं 'बहुमत' असं भाषांतर मी पाहिलं आहे. ते तर 'प्रस्तावित'हूनही वाईट. २०१४ च्या आरएफसी ७२८२ मध्ये पीट रेझनिक यांनी मुद्दाम टोकाची उदाहरणं दिली आहेत: शंभर बाजूने आणि पाच विरोधात असूनही सहमती झालेली नसू शकते, आणि पाच बाजूने व शंभर विरोधात असूनही ती झालेली असू शकते. प्रश्न डोक्यांचा नसून हरकतीचा आहे. हरकतीला उत्तर मिळालं का? उत्तर मिळालं असेल तर हरकत घेणारा नाराज राहिला तरी गाडी पुढे जाते. मिळालं नसेल तर एकट्याची हरकतही तिला थांबवते. 'ढोबळ सहमती' हा शब्द त्यातल्या त्यात जवळचा. 'एकमत' नको, कारण मत एक झालेलं नसतंच.

बैठकीत कल कुठे आहे हे पाहायला हात मोजण्याऐवजी 'हम' करायला सांगण्याची तिथली जुनी पद्धत आहे. याचं 'गुणगुणणं' केलं तर डोळ्यांपुढे अंघोळ करणारा माणूस येतो. आपल्याकडे 'हुंकार' हा नेमका शब्द तयार आहे. गोष्ट ऐकताना आपण हुंकार देतोच की. कोण बोललं ते कळत नाही, जोर किती ते कळतं, आणि अध्यक्षाला पुढची चर्चा कुठून सुरू करायची याचा अंदाज येतो. निर्णय हुंकाराने होत नाही, हेही लक्षात ठेवावं.

टीएलएस १.३ ची कहाणी इथे सांगण्याजोगी आहे. त्याच्या मसुद्याचा क्रमांक २८ पर्यंत गेला; काम २०१४ ते २०१८ चाललं. वित्तक्षेत्रातून मागणी आली की आमच्याच जाळ्यातली वाहतूक आम्हाला उलगडून तपासता यावी म्हणून जुनी किल्ली-पद्धत ठेवा. मागणी ऐकली गेली, तिच्यावर भरपूर वाद झाला, आणि ती मानली गेली नाही. ढोबळ सहमती ती हीच. दुसरं, चालत्या कोडचं. ब्राउझरवाल्यांनी मसुद्यावरून कोड लिहून प्रत्यक्ष जाळ्यावर चालवून पाहिला, तेव्हा वाटेतली काही उपकरणं नवा आवृत्तिक्रमांक पाहूनच जोडणी तोडत असल्याचं उघड झालं. शेवटी १.३ ने पहिल्या निरोपात आपण १.२ असल्याचं सोंग घ्यायचं आणि खरी ओळख आत एका वेगळ्या रकान्यात सांगायची, असा तोडगा निघाला. कागदावर बसून हे कुणाला सुचलं नसतं.

गटाचं समाधान झालं की मसुदा सर्वांसमोर 'लास्ट कॉल'ला जातो, बहुधा दोन आठवडे. 'शेवटची हाक' नका म्हणू. आपल्या नगरपालिका विकास आराखड्यावर जे मागवतात तेच हे: 'हरकती व सूचना'. त्यानंतर आयईएसजी हे सुकाणू मंडळ तपासतं, संपादक भाषा नीट करतात, आणि क्रमांक मिळून आरएफसी प्रसिद्ध होतो.

यातच दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आलं. 'रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स'चं 'अभिप्राय मागवणी' केलंत तर वाचक त्याला हरकती-सूचनांचा टप्पा समजेल, आणि तो तर केव्हाच उरकलेला असतो. हे नाव स्टीव्ह क्रॉकर यांनी ७ एप्रिल १९६९ च्या पहिल्या टिपणाला दिलं. तेव्हा ते लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात विद्यार्थी होते. इंटरनेटचं पूर्वरूप असलेल्या अर्पानेटचे नियम ठरवायला कुणीतरी अधिकारी माणसं येतील, त्यांच्या आधी आपण आगाऊपणा केल्यासारखं दिसू नये, म्हणून हे नम्र नाव. नम्रता गेली, नाव चिकटलं. आता ते विशेषनाम आहे. 'आरएफसी' असंच ठेवा. मात्र प्रत्येक मानक आरएफसी असलं तरी प्रत्येक आरएफसी मानक नसतो. १ एप्रिल १९९० च्या आरएफसी ११४९ मध्ये कबुतरांच्या पायाला बांधून डेटा कसा पाठवावा ते गंभीर चेहऱ्याने सांगितलं आहे, आणि २००१ मध्ये नॉर्वेतल्या बर्गेनच्या हौशी मंडळींनी ते करूनही दाखवलं.

आणखी एक: छापलेला आरएफसी पुन्हा बदलत नाहीत, त्याच्या जागी नवा आणतात. याचा एक नमुना आपल्या लिपीशी निगडित आहे. डोमेन-नावं इतर लिप्यांत लिहिण्याच्या २००३ च्या नियमांत जोडाक्षरांवर ताबा ठेवणारी अदृश्य चिन्हं गाळून टाकली जात. जुन्या पद्धतीने र, हलन्त आणि असं चिन्ह वापरून 'दऱ्या' लिहिलं, तर चिन्ह गळून हाती 'दर्या' राही. डोंगरातून थेट समुद्रात. ऑगस्ट २०१० च्या नव्या नियमांनी हलन्तानंतर ही चिन्हं चालतील असं ठरवलं.

'मानक' की 'प्रमाण'? प्रमाणवेळ, प्रमाणभाषा या शब्दांमुळे मला 'प्रमाण' जवळचं वाटतं. पण 'प्रमाण' म्हणजे गुणोत्तरही आणि पुरावाही, त्यामुळे तांत्रिक मजकुरात घोळ होतो. नाम म्हणून 'मानक' वापरा. क्रियापद मात्र 'प्रमाण मानणं' हेच घ्या. आयईटीएफकडे सक्तीचा अधिकार नाही, लोक मानतात म्हणून ते प्रमाण.

विचारलं नाहीत तरी एक अडचण सांगून ठेवतो, कारण तुम्ही हे मजकूर मराठीत आणत असाल तर ती येणारच. १९९७ च्या आरएफसी २११९ ने 'मस्ट', 'शुड', 'मे' या शब्दांना पक्के अर्थ दिले. 'मस्ट'ला 'केलंच पाहिजे' आणि 'मे'ला 'करता येईल' सहज जमतं. 'शुड'चं 'करावे' होतं, आणि तिथे सरकारी मराठी आडवी येते: शासनाच्या पत्रात 'कार्यवाही करावी' म्हणजे हुकूम. 'शुड'मध्ये सबळ कारण असेल आणि परिणामांची पूर्ण जाण असेल तर न करण्याची मुभा आहे. मी तिथे 'शक्यतो करावे' लिहितो. शिवाय २०१७ च्या आरएफसी ८१७४ नुसार हे शब्द मोठ्या अक्षरांत असतील तरच त्यांना हा खास अर्थ. देवनागरीत मोठी अक्षरं नाहीत, तेव्हा ठळक ठसा वापरा आणि तसं सुरुवातीलाच सांगा.