स्लो पिक्चर लिहितेयस ना, मग आधी हे वाच

अगं, स्क्रिप्ट वाचली. प्रोड्यूसर 'फार स्लो आहे' म्हणाला म्हणून तू कोर्टात तो आरडाओरडा घुसवलायस हे कळतंय मला, पण खरं सांगू का, स्लो असणं हा प्रॉब्लेमच नाहीये. खिडकी, पाऊस, समई, परत खिडकी... दिसेल छान, पण त्या बाईला हवंय काय आणि ते मिळत का नाही हेच कळलं नाही तर माणूस मोबाइल काढणारच ना.

१८८० च्या आसपासचं घर घेतलंयस तर त्या घराचेच नियम वापर की. दिवसा मोठ्यांच्या देखत नवराबायकोनं बोलायचं नाही, एवढ्या एका नियमावर अर्धा पिक्चर उभा राहतो. रमाबाई रानड्यांच्या आठवणी वाच, १९१० चं पुस्तक आहे. १८७३ मध्ये लग्न झालं तेव्हा त्या ११ वर्षांच्या आणि नवरा, म्हणजे न्यायमूर्ती माधवराव रानडे, ३१ चे. नवरा म्हणतो शीक, आणि घरातल्या बायका त्याच शिकण्यावरून छळणार, म्हणजे नवऱ्याचं ऐकलं तरी पंचाईत आणि नाही ऐकलं तरी. आणि माधवरावांचं बघ, विधवाविवाहाचा पुरस्कार करणारा एवढा मोठा माणूस, पण वडिलांपुढे काही चाललं नाही आणि ११ वर्षांच्या मुलीशी लग्न करून बसला. तुझा नवरा मात्र पहिल्या सीनपासून डोळे वटारतोय (मिशा तर काढच त्याच्या, प्लीज). दडपण त्याच्यावरही असू दे ना, मग तो जास्त भीतीदायक वाटेल.

आता ते कोर्टातलं भाषण. ती आजच्या पोस्टसारखं बोलतेय गं. बंड करणाऱ्या बायका तेव्हा होत्याच, रखमाबाईंचंच घे. १८८४ मध्ये नवऱ्यानं मुंबईत केस टाकली की हिनं नांदायला यावं, १८८५ मध्ये जस्टिस पिन्हेंनी निकाल तिच्या बाजूनं दिला, अपिलात तो फिरला आणि १८८७ मध्ये जस्टिस फॅरननी सांगितलं की नवऱ्याकडे जा नाहीतर ६ महिने तुरुंगात. ती म्हणाली तुरुंग चालेल. शेवटी १८८८ मध्ये २,००० रुपयांवर तडजोड झाली. पण लग्नाबद्दल तिला जे म्हणायचं होतं ते तिनं लिहिलं 'टाइम्स ऑफ इंडिया'त, तेही 'अ हिंदू लेडी' अशा सहीनं, स्वतःचं नाव न घालता!

म्हणून म्हणते, भाषण काढ आणि तुझ्या बाईला पत्र लिहू दे. कागद कुठून आणला, कुठे लपवला, पोस्टात कोण टाकणार, आणि छापून आल्यावर घरातलाच कुणीतरी ते सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचतोय आणि ती तिथेच वाढायला उभी आहे, हा सीन हवा तेवढा लांबव, एक मिनिटही कापू नकोस.

सासूचे सीन आधी परत लिही, त्या अजून सीरियलमधल्या वाटतायत. तेवढेच पाठव, बाकीचं नंतर बघू.