तिच्याबरोबर कोण आहे, ते आधी विचार

अगं,

तुझा मेल रात्री वाचला आणि लगेच उत्तर टाईप करायला बसले होते, पण इतकी चिडलेले की म्हटलं सकाळीच लिहू. सेमिनारमध्ये "वुमनिझम म्हणजे पुरुषांना सांभाळून घेणारा फेमिनिझम" असं कोणीतरी म्हणालं, सगळे हसले आणि तुला उत्तर सुचलं नाही. त्या हसणाऱ्यांवर चिडले होते. आणि थोडी तुझ्यावरही, कारण मग तुझ्या प्रबंधाचा चॅप्टर उघडला तर आत दोन रकान्यांचं टेबल! डावीकडे फेमिनिझम, उजवीकडे वुमनिझम, इकडे व्यक्ती तिकडे समाज, इकडे पुरुषविरोध तिकडे पुरुषांसोबत. आणि वर मला विचारतेस, मॅडम, मी नक्की कुठल्या बाजूने लिहू. असं टेबल केलंस की बाजू घ्यावीच लागते गं, दुसरं काय होणार.

वुमनिस्ट हा शब्द रूढ करणाऱ्या काळ्या अमेरिकन लेखिकेने, ॲलिस वॉकरने, १९८३ मध्ये निबंधसंग्रहाच्या सुरुवातीला त्याची जी व्याख्या दिली ती तू वाचलीयस, पण उड्या मारत वाचलीयस. थेट त्या ओळीवर गेलीस, वुमनिस्ट आणि फेमिनिस्ट म्हणजे जांभळा आणि लव्हेंडर, सगळेच जातात, कोट करायला बरी पडते. पहिल्याच कलमात ती म्हणते की वुमनिस्ट म्हणजे काळी किंवा गोऱ्येतर फेमिनिस्ट. म्हणजे तुझ्या टेबलाच्या मधली रेघ तिथेच पुसली गेली. पुढच्या कलमात म्हणते की ही बाई सगळ्या समाजाच्या, बायका पुरुष दोघांच्याही, तगण्याशी आणि धड राहण्याशी बांधलेली आहे, आणि पाठोपाठ मिश्कीलपणे सांगते की फटकून राहणारी नाही, हां, अधूनमधून तब्येतीसाठी राहते. तू ही ओळच गाळलीस. अख्खा चॅप्टर या ओळीवर उभा राहिला असता.

मी तुला एकच गोष्ट सांगणारे आणि कंटाळा येईपर्यंत सांगणारे. तुझ्या लिखाणात कुठलीही काळी बाई आली की पुढचं वाक्य लिहायच्या आधी विचार, तिच्याबरोबर कोण आहे? कडेवर कोण, घरी कोण वाट बघतंय, कोणाला पोलीस उचलून नेऊ शकतात. उत्तर मिळेपर्यंत एकही थिअरी आणू नकोस.

आता अमेरिकन फेमिनिस्ट बेटी फ्रीडनचं १९६३ चं पुस्तक घे. उपनगरातली शिकलेली गोरी गृहिणी घरात घुसमटतेय, तिला बाहेर पडायचंय. ते दुखणं खरं होतं, उगाच हिणवू नकोस त्या बायकांना. पण ती बाहेर पडल्यावर तिची मुलं कोण सांभाळणार, हे बेल हुक्स या काळ्या फेमिनिस्ट लेखिकेने १९८४ मध्ये उघड विचारलं. मागच्या दाराने येणारी काळी बाई तर पिढ्यान्‌पिढ्या घराबाहेरच काम करत आली होती, तिला स्वतःच्या पोरांजवळ बसायला मिळालं असतं तर तीच चैन होती. १९३५ चा सोशल सिक्युरिटी कायदा आला तेव्हा शेतमजूर आणि घरकामगार दोघांनाही त्यातून वगळलं. दक्षिणेतल्या काळ्या बायका ही दोनच कामं करत होत्या जवळजवळ, म्हणजे म्हातारपणाची पेन्शनही गेली. घराबाहेर पडण्यात मुक्ती आहे हे तिला कोणत्या तोंडाने सांगणार?

त्याच्याही मागे जा. जुलै १८८१, अटलांटा. गुलामी संपून सोळा वर्षं झालेली. शहरात गोऱ्यांचे कपडे धुणाऱ्या बहुतेक सगळ्या बाया काळ्या. धुण्याचं काम त्या का घेत ते नीट बघ, कारण घरकामाला राहिलं की दिवसभर मालकिणीच्या घरात अडकावं लागे आणि आपली पोरं दुसऱ्याच्या भरवशावर. धुणं घरी आणता यायचं. सोमवारी गाठोडी आणायची, पाणी विहिरीवरून नाहीतर पंपावरून डोक्यावर वाहायचं, बिअरचं पिंप अर्धं कापून त्याचा टब करायचा, साबण राखेच्या क्षारातून घरीच बनवायचा, गव्हाच्या कोंड्याची खळ काढायची, उकळायचं, पिळायचं, जड लोखंडी इस्त्र्या चुलीवर तापवत बसायचं आणि शनिवारी पोचवून यायचं. पण हे सगळं आपल्या अंगणात, शेजारणींच्या सोबतीने, पोरं डोळ्यासमोर. त्या जुलैमध्ये वीसेक जणी चर्चमध्ये जमल्या, संघटना केली, डझनभर पौंड कपड्यांना एक डॉलर हवा म्हणाल्या. दारोदार फिरून तीन आठवड्यांत तीन हजार झाल्या. काही मोजक्या गोऱ्या धोबिणीही त्यात आल्या. अटक झाली, दंड झाले, नगरपालिकेने प्रत्येकीवर पंचवीस डॉलर लायसन फी लावायचं काढलं. तर यांनी मेयरला उलट पत्र पाठवलं की फी भरतो, पण मग शहरातल्या धुण्याचा दर आम्ही ठरवणार, या आठवड्यात काय तो सोक्षमोक्ष लावा नाहीतर धुणं बंद. वाचून आजही अंगावर काटा येतो माझ्या.

याच बायांवर मला पीएचडी करायची होती, तुला सांगितलं नव्हतं कधी. गाईड म्हणाले हा हिस्टरीचा विषय, लिटरेचरमध्ये बसत नाही, एखादी कादंबरी घ्या. मी म्हटलं मेयरला लिहिलेलं पत्र लिटरेचर नाही तर काय आहे. वाद वाढला, रजिस्ट्रेशनची मुदत गेली, मी परत अर्ज केला नाही. नावामागे डॉक्टर लागलं नाही, प्रमोशन गेलं, माझ्या हाताखाली शिकलेली मुलं माझी हेड झाली, आणि हो, सलतं ते, खोटं कशाला बोलू. पण कादंबरी घेऊन अंगणातल्या बाया सोडून दिल्या असत्या तर मी शिकवलं काय असतं एवढी वर्षं? तूच सांग. लोक म्हणतात हट्टी आहे. असू दे. माझ्या वर्गातल्या पोरींना अटलांटाचा संप माहीत होता, आसपासच्या किती डॉक्टर मंडळींच्या वर्गात माहीत होता ते मला विचारू नकोस. असो, हे पत्र तुझ्याबद्दल आहे.

काळी पत्रकार आयडा बी. वेल्स, तिच्याबद्दल तू एक परिच्छेद लिहिलायस आणि तोही फक्त १९१३ च्या मोर्चाचा. वॉशिंग्टनच्या मताधिकार मोर्चात काळ्या बायकांनी शेवटी चालावं असं ठरलं, ती बाजूला गर्दीत थांबली आणि इलिनॉयची तुकडी आली तशी मध्येच घुसून दोन गोऱ्या बायकांच्या सोबत चालत राहिली. छानच आहे तो प्रसंग. पण ती अशी का झाली ते बघायला १८९२ च्या मेम्फिसला जावं लागतं. तिचा मित्र थॉमस मॉस, किराणा दुकान चालवायचा, गोऱ्या दुकानदाराचं गिऱ्हाईक तुटायला लागलं, भांडण झालं आणि झुंडीने त्याला आणि दोघा साथीदारांना तुरुंगातून ओढून नेऊन गोळ्या घातल्या. मॉसच्या मुलीची वेल्स गॉडमदर होती. त्यानंतर तिने एकेक लिंचिंग, म्हणजे झुंडीने केलेला खून, तपासायला घेतलं आणि छापलं की गोऱ्या बाईवर बलात्कार केला हा आरोप बऱ्याचदा नुसता बहाणा असतो. तिचं छापखान्याचं ऑफिस फोडलं, मेम्फिस कायमचं सुटलं.

आणि त्याच काळात दारूबंदी चळवळीची पुढारी फ्रान्सिस विलर्ड, बायकांच्या मतासाठी झटणारी, मुलाखतीत काय म्हणते, तर काळ्या दारुड्या पुरुषांमुळे गोऱ्या बायका आणि घरं सुरक्षित नाहीत. वेल्सने ती मुलाखत १८९४ मध्ये इंग्लंडमध्ये जाऊन छापून आणली. आता सांग, बाईच्या सुरक्षेचं राजकारण त्या दोघींसाठी एकच होतं का? विलर्ड बाई म्हणून बोलत होती. वेल्सही बाईच, पण तिच्याबरोबर मॉस होता, त्याची पोर होती. तिच्याबरोबर कोण आहे, ते आधी विचार म्हणते ते यासाठी.

मूल नको म्हणण्याचा हक्क आणि मूल होऊ देण्याचा हक्क, इथेही तेच. पुढे नागरी हक्कांसाठी लढलेली फॅनी लू हेमर १९६१ मध्ये मिसिसिपीत गाठ काढायला दवाखान्यात गेली आणि तिला न विचारता गर्भाशय काढून टाकलं. १९७३ मध्ये अलाबामातल्या मॉंटगोमरीत रेल्फ बहिणी, चौदा आणि बारा वर्षांच्या, त्यांची नसबंदी केली, आईला लिहितावाचता येत नव्हतं, तिच्याकडून कागदावर फुली मारून घेतली. मग नसबंदीआधी तीस दिवस थांबायची अट हवी अशी मागणी आली तर गर्भपात हक्कासाठी लढणाऱ्याच काही संस्थांचा तिला विरोध, कारण त्यांना वाटे बाईच्या निर्णयात सरकारने अडथळा का आणावा. त्यांच्या जागी त्यांचं बरोबरही असेल. त्या फुलीवाल्या आईच्या जागी काय?

आता हागार. काळी वुमनिस्ट धर्मशास्त्रज्ञ डिलोरिस विल्यम्स, तिचं १९९३ चं पुस्तक तू संदर्भयादीत टाकलंस आणि वापरलं नाहीस, दिसतं गं मला. बायबलमधली मिसरी दासी. साराला मूल होत नाही म्हणून ती हागारला अब्राहामकडे पाठवते, हागारला दिवस जातात, मग सारा तिला छळते. छळणारीही बाईच, लक्षात घे. हागार पळते, रानात देवदूत भेटतो आणि सांगतो, परत जा, मालकिणीपुढे नमून राहा. ही जागा वाचून कुठलाही मुक्तीवाला अडखळतो. हा कसला देव? विल्यम्स इथेच ठाण मांडून बसते. ती म्हणते की देवाने हागारला मुक्त केलं नाही, तगायची सोय केली. गरोदर बाई वाळवंटात एकटी मेली असती. दुसऱ्यांदा तर अब्राहामच भाकरी आणि पाण्याची पखाल देऊन पोरासकट बाहेर काढतो, पाणी संपतं, ती इश्माएलला झुडपाखाली ठेवते आणि लांब जाऊन बसते कारण त्याचं मरण तिला बघवणार नाही, आणि मग तिला विहीर दिसते. अमेरिकेतल्या काळ्या चर्चमधल्या बाया पिढ्यान्‌पिढ्या जे म्हणत आल्यात की वाट नव्हती तिथून देवाने वाट काढली, ते या गोष्टीतून. मालकिणीचं मूल पाजणं, मालकाचं मूल पोटात वाढवणं, सगळं त्यांच्या ओळखीचं होतं. आधी तगणं आणि मग मुक्ती, तेही लेकराला घेऊन. मेनस्ट्रीम फेमिनिझमला या क्रमाचा राग येतो आणि मला तो राग कळतो, पण ज्यांच्या पखालीत पाणी आहे त्यांनी हागारला क्रम शिकवू नये.

बरं, म्हणून पुरुषांना सूट मिळते का? हेच ते सेमिनारवाले म्हणत होते ना. वॉकरच्याच १९८२ च्या कादंबरीतला मारकुटा नवरा, अत्याचारी बाप बघ, पुलित्झर मिळालं आणि १९८५ मध्ये सिनेमा आल्यावर तर काळ्या पुरुषांची बदनामी केली म्हणून लोक रस्त्यावर आले. वुमनिझम मांडणाऱ्या बाईवरच हा आरोप! बॉस्टनच्या काँबाही रिव्हर कलेक्टिव्ह या काळ्या फेमिनिस्ट बायकांच्या गटाने १९७७ मध्ये लिहूनच ठेवलं की वंशवादाविरुद्ध आम्ही काळ्या पुरुषांबरोबर लढतो आणि पुरुषीपणासाठी त्यांच्याशीही लढतो. १९९१ मध्ये अनिता हिल या काळ्या बाईने सुप्रीम कोर्टावर नेमणूक होऊ घातलेल्या क्लॅरन्स थॉमस या काळ्या न्यायाधीशावर लैंगिक छळाचा आरोप केला तेव्हा त्याने सुनावणीलाच हायटेक लिंचिंग म्हटलं. वेल्सने ज्यासाठी जीव धोक्यात घातला तो शब्द एका काळ्या बाईचं तोंड बंद करायला! मग सोळाशेवर काळ्या बायकांनी पैसे गोळा करून न्यूयॉर्क टाइम्समध्ये नावांसकट जाहिरात दिली. बरोबर असणं म्हणजे पाठीशी घालणं नव्हे, हे कोणाला समजत नसेल तर त्याच्या घरात कधी भांडण झालेलं नाही.

अजून एक, सगळ्यांना एका पोत्यात भरू नकोस. नायजेरियन अभ्यासक ओगुन्येमी स्वतःच्या वाटेने वुमनिझमपर्यंत आली, १९८५. हडसन-वीम्स या काळ्या अमेरिकन अभ्यासक बाईला १९९३ मध्ये फेमिनिझम हे नावच नको होतं. बेल हुक्सने ते शेवटपर्यंत सोडलं नाही. आणि वॉकरच्या व्याख्येत बायकांवर प्रेम करणाऱ्या बायका आहेत, त्यावरून चर्चवाल्या वुमनिस्ट आपसात भांडल्या. ते भांडण लिही, लपवू नकोस.

शेवटच्या चॅप्टरात दलित स्त्रीवाद आणायचा म्हणतेस. फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामी मोडणाऱ्यांना अर्पण केली तेव्हापासूनचा धागा आहे तो, खराच आहे. पण तीन पानांत तुलना उरकणार असशील तर राहू दे. १९९५ मध्ये दलित बायकांनी देशपातळीवर वेगळी संघटना केली, त्या काय म्हणत होत्या ते त्यांच्या तोंडून ऐकायला एक अख्खा प्रबंध लागेल. आणि तू स्वतःला वुमनिस्ट म्हणवून घ्यावं का? माझं मत, नको. लिही त्यांच्यावर, नाव त्यांचं त्यांना राहू दे.

व्हायव्हाला कोणीतरी विचारणारच, यात थिअरी कुठे आहे. माझ्या गाईडशी असाच वाद झाला तेव्हा मी भांडले. तू भांडू नकोस, हागारचं पान उघड आणि शांतपणे वाचून दाखव. ते पान आधी लिहून मला पाठव, शुक्रवारपर्यंत, बाकीचं नंतर बघू. आणि वर्ड फाईल पाठव, पीडीएफवर मला शेरे मारता येत नाहीत.